आधी अँटीव्हायरस बंद करा

‘सर्वप्रथम संगणकातील अँटीव्हायरस बंद करावा.’

शासकीय मराठीत आजवर जी काही वाङ्मयीन कामगिरी झाली असेल, तिच्यात या वाक्याला मी फार वरचं पान देतो. सरकारी सॉफ्टवेअरच्या सूचनापत्रकातली ही पहिली सूचना. दुसरी : ‘सोबतची झिप फाइल सी ड्राइव्हमध्येच उघडावी, डेस्कटॉपवर उघडू नये.’ तिसरी : ‘सेटअपवर राइट क्लिक करून रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर करावे व येणाऱ्या प्रत्येक प्रश्नास येस म्हणावे.’ या तीन ओळी एखाद्या भामट्याने लिहिल्या असत्या तर त्याच्यावर गुन्हा दाखल झाला असता. कार्यालयाने लिहिल्या म्हणून त्यांना जावक क्रमांक मिळाला.

मी कळंब, वाशी, भूम या पट्ट्यातल्या सेवा केंद्रांचे, काही शाळांचे आणि दोन-चार पतसंस्थांचे संगणक सांभाळतो. सांभाळतो म्हणजे काय, तर कुणाचं काही ‘उघडेना’ झालं की फोन मला. सॉफ्टवेअर बनवणारे त्याच्याकडे तोंडाच्या बाजूने बघतात. माझी जागा शेपटाकडे. त्या बाजूने काय अंगावर येतं, हे ज्याच्या दावणीला जनावर आहे त्याला सांगायला नको.

तर माल येतो कसा ते पाहा. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर. ग्रुपच्या नावात ‘अधिकृत’ हा शब्द आहे, कारण एक अनधिकृत ग्रुपही आहे आणि खरी माहिती तिथेच मिळते. अधिकृत ग्रुपवर सकाळी सुप्रभात, मग सुविचार, मग झिप. फाइलचं नाव ‘सेटअप न्यू फायनल २’. म्हणजे ‘फायनल’ आधी एकदा होऊन गेलं, मग ‘न्यू फायनल’ झालं, आणि मोक्षाचा हा तिसरा प्रयत्न. अर्ध्या तासात दुसरी फाइल : ‘सेटअप न्यू फायनल २ करेक्टेड’. जेवणाच्या सुट्टीत मेसेज : ‘सकाळची फाइल टाकू नये. ज्यांनी टाकली त्यांनी काढावी.’ त्याखाली आभाराच्या अंगठ्यांची रांग. आणि दिवेलागणीला : ‘किती संगणकांवर टाकली व किती संगणकांवरून काढली याचा अहवाल सोबतच्या एक्सेल तक्त्यात आजच सादर करावा.’

‘काढावी’ हे क्रियापद वाचलं की मला गहिवरून येतं. कशी काढावी, साहेब? तिने फाइली सी ड्राइव्हच्या मुळाशी टाकल्या, विंडोजच्या सिस्टीम फोल्डरात टाकल्या, रजिस्ट्रीत कुठे कुठे खुणा करून ठेवल्या ते विधात्याला ठाऊक. कंट्रोल पॅनेलच्या यादीत तिचं नावच नाही. जे नोंदलंच नाही ते खोडणार कसं? आणि हे मी कुणाला समजावून सांगायचं? ज्यांच्याकडे सातबाऱ्यावर चढलेला बोजा उतरवायलाही फेरफार लागतो, त्यांना! चार गुंठ्यांची मालकी बदलली तर नोटीस निघते, हरकतीची मुदत असते, मंडळ अधिकाऱ्याची सही लागते. आणि माझ्या सी ड्राइव्हवर दोनशे फाइलींचा कब्जा होतो, तेव्हा कुणाच्या नावाने, कोणत्या तारखेला, कशाच्या आधारे, काही काही नाही. नोंदीवर जगणारं खातं, आणि माल पाठवतं बिननोंदीचा.

एकदा मी ती झिप नीट उघडून पाहिली. आत एक फोल्डर. त्यात तेच नाव असलेला दुसरा फोल्डर. त्यात आणखी एक झिप, पासवर्ड लावलेली. पासवर्ड कुठे? बाहेरच्या झिपमध्ये, ‘पासवर्ड’ नावाच्या टेक्स्ट फाइलीत. संरक्षणव्यवस्थेचा हा मायावाद मला फार आवडला. तिच्या आत सेटअपची एक्झी, जावाचा जुना इन्स्टॉलर, ‘न्यू फोल्डर (३)’ नावाचा रिकामा फोल्डर, डेटाबेसचा पासवर्ड उघड्या अक्षरांत लिहिलेली एक कॉन्फिग फाइल, आणि कोरेल ड्रॉमधली एक लग्नपत्रिका. खरंच होती. मुहूर्त टळून गेलेला, नाहीतर आहेर पाठवला असता.

इन्स्टॉल केलं. चालू केलं. पडद्यावर लाल चौकट : अमुक फाइल डी ड्राइव्हवरच्या ‘प्रोजेक्ट’ फोल्डरातल्या ‘टेस्ट’ फोल्डरात सापडली नाही. कशी सापडेल? त्या संगणकाला डी ड्राइव्हच नाही. तो डी ड्राइव्ह ज्याने हे लिहिलं त्याच्या टेबलावरच्या यंत्रात. त्या भल्या माणसाने स्वतःच्या घरचा पत्ता प्रोग्रामात कोरला, आणि त्याच्याकडे ते चाललं म्हणून जगात चालतं असं जाहीर केलं. अद्वैताची इतकी निरागस अनुभूती शंकराचार्यांनाही झाली नसेल : माझा संगणक आणि तुझा संगणक यांत भेद तो कसला?

आता कुणी म्हणेल, एवढं काय बिघडलं, फाइली इकडच्या तिकडे करून चालवता येतंच ना? येतं. मीच चालवून देतो, त्यावर माझं पोट आहे. पण मुद्दा समजून घ्या, तो तुमच्यासारख्या चाणाक्ष वाचकाला एका ओळीत कळेल. सॉफ्टवेअर लिहिणं हे अर्धं काम. त्याच्या फाइली, त्याला लागणारे भाग, त्याची सेटिंगं, आणि ते बसवायची व काढायची कृती हे सगळं एका नीट बांधलेल्या, नाव-आवृत्ती लिहिलेल्या पॅकेजात भरणं हे उरलेलं अर्धं. ते काम बनवणाऱ्याने केलं तर एकदा होतं. त्याने टाळलं तर नाहीसं होत नाही. ते भूमच्या, परंड्याच्या, उमरग्याच्या प्रत्येक टेबलावर रोज नव्याने होतं, आणि करणाऱ्याला त्याचे पैसे मिळत नाहीत. याला तिकडे ‘डिप्लॉयमेंट’ म्हणतात. इकडे वेठ म्हणत.

आपल्या जुन्या शास्त्रकारांना हे कळत होतं. ग्रंथाच्या आरंभी अनुबंधचतुष्टय सांगितल्याशिवाय ते पुढे सरकत नसत : विषय काय, प्रयोजन काय, संबंध काय आणि अधिकारी कोण. इथे अधिकारी म्हणजे नायब तहसीलदार नव्हे. ग्रंथ कुणासाठी आहे, वाचणाऱ्याची पात्रता काय, ते. १९९३ मध्ये इयन मर्डॉक नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याने डेबियन ही लिनक्सची मांडणी सुरू केली. तिच्या पॅकेजात पुढे जे आलं ते जवळजवळ हेच. डेबियनचं पॅकेज उघडून पाहा, आत तीनच वस्तू. एक बारकी फाइल, तिच्यात पॅकेजच्या साच्याची आवृत्ती. दुसऱ्या गठ्ठ्यात प्रत्यक्ष माल, प्रत्येक फाइल तिच्या ठरलेल्या जागेसह. आणि तिसऱ्यात कागदपत्रं : पॅकेजचं नाव, आवृत्ती, कोणत्या जातीच्या यंत्रासाठी, कोणत्या पॅकेजांवाचून याचं चालत नाही, कुणाशी याचं पटत नाही, हे करतं काय. आणि एक ओळ, जी वाचून आमच्याकडच्या कंत्राटदाराला घाम फुटेल : सांभाळणाऱ्याचं नाव आणि ईमेल.

नाव आणि ईमेल! आमच्याकडे सॉफ्टवेअर अपौरुषेय असतं. ते कुणी लिहिलं विचारू नये. ते ‘वरून’ आलेलं असतं. वर कोण? जिल्हा म्हणतो विभाग, विभाग म्हणतो मुंबई, मुंबई म्हणते एजन्सी, एजन्सी म्हणते तो मुलगा आता सोडून गेला. ऋषी दिवंगत, ऋचा शिल्लक.

डेबियनवाल्यांची दुसरी गंमत अशी की तिथे कोणतीही फाइल पुढे करा, ती कोणत्या पॅकेजाने आणली ते यंत्र सांगतं. कोणतंही पॅकेज सांगा, त्याने काय काय आणलं त्याची यादी देतं. काढ म्हटलं की त्या यादीप्रमाणे काढतं; सेटिंगांसकट समूळ काढ म्हटलं की समूळ काढतं. आणि नवी आवृत्ती टाकताना तुम्ही स्वतः बदललेली एखादी सेटिंगची फाइल मध्ये आली तर थांबून विचारतं, तुमची ठेवू की माझी घालू? इतकी रीतभात मी तहसीलच्या आवारात कुठे पाहिलेली नाही.

आणि हे काही फक्त लिनक्सच्या साधुसंतांचं व्रत आहे असं समजू नका. विंडोजचा स्वतःचा इन्स्टॉलर ऑफिस २००० बरोबर १९९९ मध्येच आला, त्यातही बसवलेल्या फाइलींची नोंद राहते. तेही जड वाटत असेल तर इनो सेटअप नावाचं साधन १९९७ पासून फुकट मिळतं. बारावी झालेलं पोरगं ते आठवड्यात शिकतं. तेव्हा ‘तांत्रिक मर्यादा’ हे शब्द कृपया कागदावरच ठेवा. मर्यादा आहे ती तांत्रिक नाही.

वस्तूंची यादी करणं ही काही पाश्चात्त्य थेरं नव्हेत. आपल्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर, म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकात लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारवृत्तात त्याचा उल्लेख आहे : पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं मोठं शहर, तिथून जाडंभरडं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून, रस्ते नसलेल्या मोठ्या मुलखातून भडोच बंदराला जाते. (रस्त्यांबद्दल मी काही बोलत नाही.) कोण कुठला तो इजिप्तकडचा ग्रीक, नावही माहीत नाही त्याचं, पण तगरहून कोणता माल निघतो, कुठून कुठे किती दिवसांत पोचतो, हे त्याला दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवावंसं वाटलं. आणि त्याच तेरच्या सेवा केंद्रात आज जी झिप येते, तिच्यात काय आहे ते ती पाठवणाऱ्यालाही माहीत नसतं. लग्नपत्रिका होती हे त्याला कुठे माहीत होतं?

आता अवलंबित्वाची गोष्ट. सॉफ्टवेअरला दुसरं सॉफ्टवेअर लागतं, यात लाज काही नाही. नीट पॅकेज असेल तर ते यादी देतं आणि जे नसेल ते आणवून घेतं. आमच्याकडे हे काम पीडीएफ करते. ‘जावा नसल्यास टाकावे. असल्यास काढून पुन्हा टाकावे. नवे असल्यास जुने टाकावे.’ मग जावाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन पोर्टलचा पत्ता सुरक्षेच्या अपवादयादीत घालावा. मग तारीख-वेळेची मांडणी बदलावी. मग ब्राउझर ‘इंटरनेट एक्स्प्लोररच’ वापरावा. हा ‘च’ ज्याने लिहिला त्याला ठाऊक नसावं की क्रोमने जुन्या पद्धतीचे जावा प्लगइन २०१५ मध्येच हाकलले, आणि १५ जून २०२२ ला खुद्द मायक्रोसॉफ्टने एक्स्प्लोररचं दप्तर बंद केलं. आता तो एज ब्राउझरच्या पोटात ‘आयई मोड’ म्हणून उरला आहे. ती सोय कुणासाठी ठेवली असेल बरं? तुमच्या-माझ्यासाठी तर नक्कीच नाही.

शिवाय एका कार्यालयाला जावाची एक आवृत्ती लागते, दुसऱ्याला दुसरी, आणि दोन्ही कार्यालयांचं काम करणारा संगणक एकच, कारण केंद्रचालकाचं उत्पन्न एका संगणकाचंच. मग पोरांनी काय शोध लावला? सकाळी एका जावाचा, दुपारी दुसऱ्या जावाचा. मध्ये जेवण आणि रीस्टार्ट. टेंडर भरायला आलेल्या ठेकेदाराला सांगतात, भाऊ, तुमचं जावा तीननंतर.

जूनमध्ये हे पाहायला या. प्रवेशाचे दिवस, उत्पन्नाचे दाखले, नॉन-क्रीमिलेयर, रहिवासी. दाराबाहेर पालकांच्या चपलांचा खच. वाशी तालुक्यातल्या एका केंद्रात अंगठ्याचं मशीन पेट घेत नव्हतं. आधारच्या नियमाप्रमाणे अशा मशीनची एक नोंदणीकृत सेवा संगणकात सतत चालू राहते आणि ११,१०० ते ११,१२० यांपैकी एखाद्या पोर्टवर पोर्टलच्या हाकेला ओ देते. इथे जुनं मशीन बदलून नवं घेतलेलं. जुन्याची सेवा काढायची राहिली होती. राहिली म्हणजे काढता येत नव्हती. ती पहिल्या पोर्टवर ठाण मांडून बसलेली. पोर्टलने हाक मारली की आधी हीच ओरडायची, मशीन जोडलेलं नाही. पोर्टल पहिल्या आवाजाला भुलायचं आणि शेजारी नवं मशीन दिवा विझवून बसायचं. समोर एक म्हातारे शेतकरी, बोट काचेवर दाबून धरलेलं, निघतच नाहीत. ऑपरेटर म्हणाला, “काका, सर्व्हिस बंद हाय, थांबा थोडं.” काका म्हणाले, “मशीन बंद पडलंय का माझं बोट, तेवढं सांग. बोट असंल तर म्या घरी जातो.”

त्यांनी ते बोट पँटवर पुसून पुन्हा लावलं. तोंडात घालून ओलं केलं, पुन्हा लावलं. तीस-पस्तीस वर्षं ज्वारी काढून रेषा गेल्या असतील, असं स्वतःच स्वतःला सांगत होते. दोष त्यांनी स्वतःकडे घेतला होता. एका न काढता येणाऱ्या फाइलीचा! आणि ज्याने ती अशी बनवली तो त्या वेळी कुठल्या तरी परिषदेत ‘लास्ट माइल’ या विषयावर स्लाइड दाखवत असेल. माईलच्या या टोकाला यावं एकदा. चहा देऊ.

नामांतराने तर बहार आणली. राजकारणात मी शिरत नाही. ते शिरणारे पुष्कळ आहेत. मी फक्त फाइलींचं बोलतो. २०२३ च्या फेब्रुवारीत उस्मानाबाद शहराच्या धाराशिव या नावाला केंद्राची मंजुरी आली, सप्टेंबरात जिल्ह्याच्या नावाची अधिसूचना निघाली. आता नीट बांधलेल्या सॉफ्टवेअरमध्ये याला किती काम? प्रोग्राम एकीकडे, माहिती दुसरीकडे, सेटिंग तिसरीकडे असं वेगळं ठेवलेलं असेल, तर जिल्ह्यांच्या यादीतली एक ओळ बदलायची. पण आमच्या विद्वानांनी जिल्ह्याचं नाव प्रोग्रामच्या पोटात जागोजागी लिहिलेलं. कुठे इंग्रजीत, कुठे मराठीत, कुठे चित्रात. मग एका पडद्यावर धाराशिव, पुढच्यावर उस्मानाबाद. यादीत धाराशिव निवडलं की तालुके रिकामे, उस्मानाबाद निवडलं की आठही तालुके हजर. अर्ज एका नावाने आणि दाखला दुसऱ्या नावाने. आणि तो दाखला पाहून पुण्याच्या कॉलेजातले बाबू विचारणार, हे दोन जिल्हे वेगळे आहेत का? मुलीचा बाप काय उत्तर देणार? तो म्हणतो, गाव तर एकाच जागी आहे साहेब, मी काल तिथूनच निघालो.

याच्या शेजारी एक साधी गोष्ट ठेवा. गाडीच्या पाटीवर एमएच २५ होतं, आहे. नाव बदललं, नंबराला धक्का नाही. ज्याने कधी ती पद्धत ठरवली त्याने ओळखीचा आकडा वेगळा ठेवला आणि नाव वेगळं ठेवलं. आरटीओला जे जमलं ते आयटीला जमेना. आरटीओला! या वाक्याची मला कधी गरज पडेल असं वाटलं नव्हतं.

आणि हो, मराठीचा कैवार. कागदावर राजभाषा, सहीला मराठी, पाटी मराठी. एका शाळेच्या गुरुजींनी मोठ्या हौसेने संगणकावर स्वतःचं खातं देवनागरी अक्षरांत उघडलं. झालं! विंडोजने त्यांच्या नावाचा फोल्डर देवनागरीत केला आणि मराठी शाळांसाठी, मराठी माहिती भरायला बनवलेलं ते सॉफ्टवेअर फोल्डरचं मराठी नाव पाहून कोसळलं. उठेचना. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. गुरुजींना मी इंग्रजी नावाचं दुसरं खातं काढून दिलं. मराठी माहिती भरायची असेल तर इंग्रजी नावाने आत जावं लागतं, हे त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “माझं नाव त्याला झेपंना का?” काय बोलणार.

गंमत बघा, हे सगळं नीट करणारी माणसं परग्रहावरची नाहीत. लोहित हा देवनागरी फाँट पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवला, रेड हॅटने तो सगळ्यांना मोकळा केला, आणि डेबियनवर आज एका ओळीच्या आज्ञेने तो उतरतो, बसतो, हवा तर जातो. ज्या सीडॅकचं मुख्यालय पुण्यात आहे, त्या सीडॅकनेच २००७ मध्ये बॉस ही लिनक्सची भारतीय आवृत्ती काढली, तीही डेबियनच्याच पायावर. म्हणजे सरकारच्या एका हाताला हे शास्त्र चांगलं येतं. २०१५ मध्ये केंद्राने सरकारी कामात मुक्त सॉफ्टवेअर वापरण्याचं धोरणही जाहीर केलं. धोरण मुक्त, आणि दाखल्याच्या पोर्टलला लागणारी युटिलिटी मात्र विंडोजचीच, एक्झीचीच, झिपमधलीच. केरळात शाळांसाठी काइट ही सरकारी संस्था स्वतःची लिनक्स आवृत्ती बांधते. धडे, साधनं, मल्याळम फाँट सगळं एका पॅकेजात, गुरुजींनी फक्त टाकायचं. आमच्याकडे गुरुजींनी काय काय टाकायचं त्याचं प्रशिक्षण व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सवर, होतं, आणि व्हीसीचं सॉफ्टवेअर टाकायचं प्रशिक्षण त्याआधी.

मी पॅकेजवाल्यांचा भाट नाही. त्यांच्याकडेही शहाणपण उतू जातं. २०१६ च्या मार्चमध्ये एका प्रोग्रामरने रागाच्या भरात अकरा ओळींचं एक पॅकेज काढून घेतलं. काम काय त्याचं, तर शब्दाच्या डावीकडे जागा भरणं! त्यासरशी जगभरची मोठमोठी सॉफ्टवेअरं बांधायचीच थांबली. अकरा ओळी स्वतः लिहायचा कंटाळा केलेली ही जगातली सर्वात हुशार माणसं.

पण त्यांच्या शिस्तीचं मोल २०२४ मध्ये दिसलं. एक्सझेड नावाचं, फाइली दाबून लहान करणारं एक गरीब साधन. त्याच्या सांभाळणाऱ्याचा विश्वास दोन-अडीच वर्षं लावून कमावून कुणीतरी त्यात चोरदरवाजा बसवला. आणि बसवला कुठे? पूर्ण सापळा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असलेल्या मूळ संहितेत नव्हताच. तो बांधून तयार केलेल्या गठ्ठ्यातच पुरा होत होता. अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. अर्धा सेकंद! त्याने धागा ओढला, २९ मार्चला जगाला सांगितलं, आणि गठ्ठ्यांना नाव-आवृत्ती असल्यामुळे कोणत्या दोन आवृत्त्या काढायच्या ते लगेच कळलं. लोकांनी त्या काढल्या. आमच्या युटिलिटीत असा दरवाजा असेल तर? ती उघडायलाच चार मिनिटं घेते. त्यात अर्धा सेकंद कुणाला जाणवणार? आणि जाणवला, तर कोणती आवृत्ती काढायची? ‘न्यू फायनल २’ की ‘करेक्टेड’?

आता खरा विनोद ऐका. त्याच अधिकृत ग्रुपवर, त्याच सुप्रभात-सुविचारांच्या मध्ये, पोलिसांची चित्रपट्टी येते : ‘व्हॉट्सॲपवर आलेली अनोळखी एपीके फाइल इन्स्टॉल करू नका.’ बरोबरच आहे. पीएम किसानच्या नावाने, आरटीओच्या चलानाच्या नावाने, लग्नपत्रिकेच्या नावाने बनावट एपीके येतात, शेतकऱ्याने बोट लावलं की बँकेचे मेसेज चोराकडे, मग पैसेही चोराकडे. पण हे सांगतं कोण? जे आदल्याच दिवशी म्हणाले होते की व्हॉट्सॲपवर आलेली फाइल घ्या, अँटीव्हायरस बंद करा, प्रत्येक प्रश्नाला येस म्हणा. वर्षानुवर्षं तुम्हीच गावोगावच्या पोरांना शिकवलंत की फाइल कुठून आली विचारायचं नसतं, सही कुणाची बघायची नसते, इशारा आला की दाबून पुढे जायचं असतं. चोराला वेगळा शिकवणीवर्ग घ्यावाच लागला नाही. तो तुमच्या वर्गात आला आणि पुढच्या बाकावर बसला.

आणि काळजाला लागणारी गोष्ट सांगू? चोराचा माल सरकारी मालापेक्षा नीट बांधलेला असतो. अँड्रॉइडचं एपीके म्हणजे आतून झिपच, पण शिस्तीची : आत काय आहे त्याचं प्रतिज्ञापत्र, कोणकोणत्या परवानग्या हव्यात त्याची यादी, आणि खाली सही. सही जुळली नाही तर नवी आवृत्ती फोन घेतच नाही. त्यामुळे भामट्यालाही ते नियम पाळावे लागतात. चोराच्या एपीकेला चिन्ह असतं, नाव असतं, एका बोटात बसतं, जावा मागत नाही, डी ड्राइव्ह शोधत नाही, मराठी नावाला घाबरत नाही. आणि सेवा म्हणाल तर तत्पर. ओटीपी यायचा अवकाश.

हे सगळं मी एका बैठकीत, बऱ्याच सौम्य शब्दांत, बोललो होतो. उत्तर ठरलेलं : “टीका करणं सोपं असतं. तुम्ही करून दाखवा.” म्हणून करून दाखवलं. त्यांच्याच सगळ्या फाइली घेतल्या, इनो सेटअपमध्ये एक इन्स्टॉलर बांधला. जुनी आवृत्ती असेल तर आधी ती शोधून काढतो. लागणारं जावा स्वतःच्याच फोल्डरात ठेवतो, दुसऱ्याच्या जावाला हात लावत नाही. डी ड्राइव्हचा पत्ता दुरुस्त. जिल्ह्याचं नाव एकाच फाइलीत. कंट्रोल पॅनेलमध्ये नावासकट नोंद, आणि काढ म्हटलं की जातो. अँटीव्हायरस चालूच. लग्नपत्रिका तेवढी वगळली.

तो घेऊन कार्यालयात गेलो. साहेबांनी पेन ड्राइव्ह उलटसुलट करून पाहिला, जणू त्यावर शिक्का शोधताहेत. म्हणाले, “चांगलं आहे. पण हे अधिकृत नाही. आम्ही दिलेलीच झिप वापरायची. यातून उद्या काही झालं तर जबाबदार कोण?” मी म्हटलं, “आत माझं नाव आणि नंबर लिहिलाय, साहेब.” ते दचकले. “नाव कशाला लिहिलंत?”

त्या रात्री साडेनऊला फोन आला. त्याच कार्यालयातले तांत्रिक सहायक. आवाज बारीक. परंड्याला आणि लोहाऱ्याला एकही संगणक चालेना, उद्या वरिष्ठांची व्हीसी, तुमचं ते सेटअप द्याल का? ग्रुपवर मात्र टाकू नका. मी म्हटलं, देतो की, लिंक पाठवू? म्हणाले, “नको नको, लिंक उघडायला आम्हाला मनाई आहे. तुम्ही असं करा, झिप करून व्हॉट्सॲपला टाका. आणि ते तुमचं नाव-नंबर तेवढं आतून काढा.”